जोड टिकतो, शेजार तुटतो

प्रति,
मा. संचालक,
बाष्पके संचालनालय, महाराष्ट्र राज्य

विषय : जास्त तापमानाच्या वाफेच्या पाइपांत वेल्डच्या जोडालगत तयार होणारे ग्राफाइट आणि त्याची तपासणी

सन्माननीय महोदय,

वाफेचा पाइप फुटला की पहिले बोट वेल्डरकडे जाते. फोरमन, ठेकेदार, विमा कंपनीचा माणूस, सगळ्यांची सुरुवात एकाच प्रश्नाने होते : जोड कोणी मारला होता? प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. पोलादाच्या पाइपाला एक दुखणे असे जडते की त्यात जोड शाबूत राहतो आणि त्याच्या शेजारची अरुंद पट्टी तुटते. वेल्डरचे काम निर्दोष असते, एक्स-रे स्वच्छ आलेला असतो, हायड्रो टेस्ट पास झालेली असते. तरीही काही वर्षांनी पाइप जोडाच्या कडेने, कापल्यासारखा दुभंगतो. कारण तोवर त्या पट्टीत ग्राफाइटची रांग तयार झालेली असते. पेन्सिलीच्या शिसात असते, तेच ग्राफाइट.

हे पत्र मी भाईंदरहून लिहितो आहे. वेल्डिंगची तपासणी हा माझा धंदा. आमच्या शहरात वीज केंद्र नाही, रिफायनरी नाही आणि साखर कारखाना असण्याचा प्रश्नच नाही. भाईंदर पूर्वेची ओळख स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांची आहे. औद्योगिक गाळ्यांतून प्रेसचे दणके आणि बफिंगचा आवाज दिवसभर चालू असतो. पण त्याच गाळ्यांच्या रांगांत फॅब्रिकेशनची दुकानेही आहेत, आणि इथल्या खोल्यांत राहणारे वेल्डर, फिटर, ग्राइंडरवाले शटडाउनच्या कामाला गावोगाव जातात. जोड इथला माणूस मारतो, पाइप तिकडे तापतो, आणि काही बिनसले तर फोन इथे येतो. म्हणून हा विषय आमचाही आहे.

आधी एक गैरसमज होऊ नये म्हणून सांगतो. मीरा-भाईंदरमध्ये पाइप म्हटले की लोकांना पाणी आठवते. सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेच्या रोजच्या ४०३ दशलक्ष लिटरपैकी २१८ दशलक्ष लिटर आमच्या शहरासाठी ठरलेले आहेत. पाण्याच्या पोलादी वाहिन्यांतही वेल्ड असतात, पण त्यांना या पत्रातल्या दुखण्याची भीती नाही. पाण्याच्या तापमानाला पोलादातला कार्बन माणसाच्या हिशेबात कधीच सुटा होत नाही. जुन्या बिडाच्या जलवाहिन्यांच्या बाबतीत ग्राफाइटचे नाव निघते ते निराळ्या कारणाने. बिडात ग्राफाइट ओतकामापासूनच असते. खाडीकाठच्या खारट, ओल्या जमिनीत त्यातले लोखंड हळूहळू निघून जाते आणि ग्राफाइटचा ठिसूळ सांगाडा मागे उरतो. पाइप गोल दिसतो, पण चाकूने खरवडता येतो. तो विषय महापालिकेचा. माझा विषय तापलेल्या पाइपाचा, म्हणजे आपल्या अखत्यारीतला.

पाइपाच्या साध्या पोलादात कार्बन पाव टक्क्याच्या आसपास असतो. तो मोकळा नसतो. लोखंडाचे तीन अणू आणि कार्बनचा एक अशा जोडणीने त्याचे कार्बाइड बनलेले असते आणि ते पातळ पापुद्र्यांच्या रूपात लोखंडात बसलेले असते. पोलादाच्या बळाचा मोठा वाटा या पापुद्र्यांचा. पण हे कार्बाइड मुळात कायमचे नाही. पुरेशी उष्णता आणि पुरेशी वर्षे मिळाली की ते फुटते. लोखंड वेगळे होते, कार्बन वेगळा होतो, आणि सुटा झालेला कार्बन ग्राफाइटच्या गाठी धरतो. साध्या कार्बन पोलादाला ही धास्ती सुमारे ४२५ अंश सेल्सिअसच्या वर सुरू होते. अर्धा टक्का मॉलिब्डेनम असलेल्या पोलादाला ती सुमारे ४७० अंशांच्या वर. तापमान जितके जास्त तितका वेग जास्त. ४५५ अंशांच्या आसपास ३०-४० वर्षांनंतरही किरकोळच ग्राफाइट सापडेल. ५४० अंशांच्या वर मात्र ५ वर्षांतही जोडालगत गंभीर अवस्था येऊ शकते.

ग्राफाइट झाले म्हणजे पाइप लगेच निकामी झाला, असे नाही. गाठी भिंतीत सगळीकडे विखुरलेल्या असतील तर पोलाद थोडे नरम पडते, बळ काहीसे उतरते, पण पाइप चालतो. घात होतो तो गाठी एका रांगेत आल्यावर. कागदाला कुठेकुठे टाचणीने भोके पाडली तर तो सहज फाटत नाही. तितकीच भोके टपालाच्या तिकिटांसारखी ओळीत पाडली तर एका झटक्यात सरळ फाटतो. वेल्डलगतच्या पट्टीत गाठी अशाच ओळीत येतात, आणि ती ओळ पाइपाच्या भिंतीत आरपार उभी असते.

ओळ तिथेच का धरते, याचे उत्तर वेल्डिंगच्या उष्णतेत आहे. आर्कखाली धातू वितळतो. वितळलेल्या धातूला लागून असलेले पोलाद वितळत नाही, पण भाजून निघते. या भाजलेल्या भागाच्या बाहेरच्या काठावर एक अरुंद कड अशी असते, जिथे तापमान क्षणभर ७२५ अंशांच्या आगेमागे पोहोचलेले असते. तिथले कार्बाइडचे पापुद्रे अर्धवट मोडतात, आणि पुढे कार्बनला गाठ धरायला तिथे सगळ्यांत सोयीची जागा मिळते. कड जोडाला समांतर असते, म्हणून गाठींची ओळही समांतर येते. जोड सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर वितळरेषेपासून थोड्या अंतरावर ही काळी कमान भुवईसारखी दिसते. म्हणूनच परदेशी तपासनीसांनी तिला भुवईचेच नाव दिले. वेल्डर कितीही कसबी असो, ही कड त्याला टाळता येत नाही. त्याने आर्क लावला की ती तयार होणारच. तिच्यात ग्राफाइट भरेल की नाही हे ठरते पोलादाच्या निवडीवर, पाइपातल्या तापमानावर आणि वर्षांच्या हिशेबावर. या तिन्हींवर वेल्डरचा हात नसतो. पाइपावर वेल्डरचा नंबर पंच केलेला असतो; पोलाद निवडणाऱ्याचा नसतो.

जगाला हे कळले ते १९४३ च्या जानेवारीत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील स्प्रिंगडेल वीज केंद्रात मुख्य वाफेचा पाइप वेल्डलगत फुटला. पोलाद कार्बन-मॉलिब्डेनमचे, वाफ सुमारे ५०५ अंशांची, सेवा अवघी साडेपाच वर्षांची. मॉलिब्डेनम घातलेले पोलाद तेव्हा नवे आणि भरवशाचे मानले जाई. तापलेले पोलाद दाबाखाली वर्षानुवर्षे हळूहळू ताणले जाते, ज्याला कारखान्यात क्रीप म्हणतात, आणि मॉलिब्डेनम त्याला चांगला आवर घालते. पण कार्बाइडचे फुटणे ते पुरेसे थांबवू शकले नाही. युद्धाचे दिवस, विजेची गरज मोठी. तरीही तिथल्या वीज केंद्रांतले पाइप तपासायला घेतले गेले आणि अनेक ठिकाणी जोडांलगत ग्राफाइट सापडले. पोलाद शुद्ध करताना घातलेल्या ॲल्युमिनियमचे प्रमाण जास्त असले तर ही प्रवृत्ती वाढते, हेही त्या शोधात उघड झाले.

उपायही तेव्हाच सापडला, आणि तो भाईंदरच्या माणसाच्या चांगल्या ओळखीचा आहे : क्रोमियम. आमच्या गाळ्यांतून जे पातेले बाहेर पडते त्याला न गंजणारे करणारा धातू हाच. पातेल्याला तो किमान साडेदहा टक्के लागतो. पाइपाला एक टक्क्याच्या आसपास पुरतो. क्रोमियम कार्बनला घट्ट धरून ठेवते. कार्बाइड मग ग्राफाइटकडे वळत नाही. म्हणून पुढे जास्त तापमानाच्या वाफेला क्रोम-मॉली पोलाद आले. दुकानातल्या भाषेत पी-११ आणि पी-२२ : पहिल्यात क्रोमियम सव्वा टक्का, दुसऱ्यात सव्वादोन टक्के.

मग आज, इतक्या वर्षांनंतर, हे पत्र कशाला? कारण पुस्तकातले उत्तर आणि ऐन शटडाउनमधले काम यांत अंतर असते.

आपल्या राज्यातल्या साखर कारखान्यांचेच पाहा. जुन्या कारखान्यांतले बॉयलर २१ किलो दाबाचे आणि सुमारे ३४० अंशांच्या वाफेचे. तिथे साधा कार्बन पोलादाचा पाइप जन्मभर चालतो. ग्राफाइटचा प्रश्नच येत नाही. पुढे सहवीजनिर्मिती आली. उसाचे चिपाड जाळून गाळपही करायचे आणि वीजही विकायची, म्हणून ६७, ८७, ११० किलो दाबाचे बॉयलर बसले आणि वाफ ४८५ पासून ५४० अंशांपर्यंत चढली. म्हणजे ४२५ ची रेघ आपण केव्हाच ओलांडली. आराखड्यात तिथे क्रोम-मॉलीचाच पाइप असतो, याविषयी माझी तक्रार नाही. पण गाळप संपल्यावरच्या ऑफ-सीझनमध्ये, एखाद्या ड्रेन लाइनचा तुकडा, एखादे निपल, एखादा दोन फुटांचा स्पूल बदलायचा असतो. स्टोअरमध्ये पी-२२ संपलेला असतो. ए-१०६ चा साधा पाइप हाताशी असतो. दोन्ही काळेच दिसतात, दोन्हींचे माप तेच, दोन्हींचे शेड्यूल तेच. रंगाची पट्टी पुसली गेली की डोळ्याला फरक कळत नाही. तुकडा बसतो, टेस्ट पास होते, गाळप सुरू होते. हा तुकडा पुढच्या कित्येक हंगामांत शांतपणे ग्राफाइट धरत राहतो.

दुसरी वाट जुन्या मालाची. मोठे कारखाने मोडीत निघतात तेव्हा त्यांचे पाइप भंगारात विकले जातात. जाड भिंतीचा, चांगल्या कंपनीचा, फारसा न गंजलेला पाइप कोणी वितळवत नाही. तो सेकंड-हँड म्हणून पुन्हा विकला जातो. घेणारा काय बघतो? अल्ट्रासॉनिक यंत्राने जाडी मोजतो. जाडी पूर्ण भरते, कारण ग्राफाइट पाइपाची जाडी घटवत नाही. तो पाइप आधी किती अंशांवर किती वर्षे तापला होता, हे सांगणारा कागद त्याच्यासोबत आलेला नसतो.

आणि इथेच या दुखण्याची खरी खोच आहे. आपल्या रोजच्या बहुतेक चाचण्या त्याच्यासाठी नाहीत. जाडी मोजून ते दिसत नाही. एक्स-रेला भेग, पोकळी, स्लॅग दिसतो; इतक्या बारीक ग्राफाइटची ओळ दिसत नाही. डी. पी. टेस्टला लाल रेघ उमटायला पृष्ठभागावर उघडी भेग लागते. हायड्रो टेस्ट थंड पाण्याने, काही मिनिटांसाठी होते; त्या वेळी तग धरलेला पाइप पुढच्या महिन्यात गरम-थंड होण्याच्या ताणाखाली तग धरेलच, असे नाही. ताणचाचणीचा नमुनासुद्धा कधी कधी फसवतो : बळाचा आकडा जवळपास ठीक येतो. तोच नमुना जोडासकट वाकवून बघितला की ग्राफाइटच्या ओळीवर तो थोड्याच कोनात मोडतो. ताकद उतरण्याआधी वाकण्याची, ताण सोसण्याची तयारी संपते, आणि वाफेच्या पाइपाला ती तयारीच वाचवत असते.

ते दिसते एकाच ठिकाणी : सूक्ष्मदर्शकाखाली. त्यासाठी पाइप कापावा लागत नाही. जोडाची कड घासून आरशासारखी करायची, सौम्य आम्लाने उजळायची, ॲसिटोनने मऊ केलेली पातळ फिल्म तिच्यावर दाबायची आणि सुकल्यावर उचलायची. फिल्मवर धातूच्या रचनेचा ठसा येतो. याला रेप्लिका म्हणतात. भारतीय बाष्पक विनियम, १९५० मध्ये ४०० अंश व त्याहून जास्त तापमानाच्या, क्रीपच्या कक्षेतल्या भागांची १ लाख तासांच्या वापरानंतर उर्वरित आयुष्याची तपासणी सांगितलेली आहे. १ लाख तास म्हणजे सलग चालल्यास साडेअकरा वर्षांच्या आत. त्या तपासणीत रेप्लिका आहेच. म्हणजे नवे हत्यार मागायची गरज नाही. असलेले हत्यार नेमके कुठे लावायचे, एवढाच माझा आग्रह आहे.

महोदय, विनियम बदलणे केंद्रीय बाष्पक मंडळाच्या हाती आहे, हे मी जाणतो. पण निरीक्षकांना सूचना देणे, परीक्षांचा रोख ठरवणे आणि मंडळाकडे राज्याचे म्हणणे मांडणे संचालनालयाला शक्य आहे. वेळही अनुकूल आहे. १९२३ च्या कायद्याच्या जागी नवा बाष्पक कायदा आला; डिसेंबर २०२४ मध्ये राज्यसभेने आणि मार्च २०२५ मध्ये लोकसभेने तो संमत केला. दुरुस्ती पात्र माणसांकडूनच व्हावी यावर त्याचा भर आहे. माणसाची पात्रता विचारता आहात, तशी धातूचीही विचारा. त्यासाठी चार गोष्टी सुचवतो.

पहिली : रेप्लिका जोडाच्या मध्यावर किंवा मोकळ्या पाइपावर घेऊन भागत नाही. कार्बन आणि कार्बन-मॉलिब्डेनम पोलादाचा जो जोड ४२५ अंशांच्या वर चालला आहे, त्याच्या भाजलेल्या भागाचा बाहेरचा काठ रेप्लिकात आलाच पाहिजे, आणि अहवालात ती जागा आकृतीवर दाखवलेली असली पाहिजे. घासताना ग्राफाइटच्या गाठी निसटून रिकामी भोके उरतात आणि ती क्रीपच्या पोकळ्यांसारखी दिसतात. म्हणून ठसा वाचणारा माणूस धातुशास्त्र जाणणारा हवा. संशय आला तर होडीच्या आकाराचा छोटा तुकडा काढून खोलवर बघावे, कारण रेप्लिका फक्त वरचा थर दाखवते.

दुसरी : दुरुस्तीत बसणारा प्रत्येक तुकडा, मग तो ड्रेनचा निपल का असेना, वेल्डिंगआधी पीएमआय यंत्राखाली जावा. हे हातात धरायचे यंत्र क्रोमियम आणि मॉलिब्डेनमची टक्केवारी काही सेकंदांत सांगते. त्याचे भाडे शटडाउनच्या एका दिवसाच्या नुकसानीपुढे काहीच नाही. आकडा जोडाच्या नोंदीत वेल्डरच्या नंबराशेजारी लिहिला जावा.

तिसरी : ४२५ अंशांच्या वर चाललेला कार्बन किंवा कार्बन-मॉलिब्डेनम पोलादाचा पाइप सेवेतून काढला की त्याच्यावर ठळक पंच मारावा, आणि दाबाच्या कामासाठी तो पुन्हा वापरण्यास मनाई असावी. खांबाला, शेडला, कुंपणाला खुशाल वापरा. भारतीय बाष्पक विनियमांचे, म्हणजे आयबीआरचे प्रमाणपत्र पाइपाच्या जन्माविषयी सांगते. त्याने आयुष्य कुठे काढले हे सांगणारा कागदही हवा. त्यात बोर्डावरचे नव्हे, लॉगबुकातले खरे तापमान असावे. वाफ थंड करणारा पाण्याचा फवारा नीट चालत नसला की पाइप ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त तापतो, आणि अशा प्रत्येक दिवसाने ग्राफाइटचा वेग वाढतो.

चौथी : हे सगळे मराठीत, चार पानांत, चित्रांसह छापा आणि वेल्डर व बॉयलर अटेंडंट यांच्या परीक्षांत त्यावर एक प्रश्न ठेवा. आमच्या भागातला वेल्डर रूट पास, आर्गन, ७०१८ चा रॉड, प्रीहीट या गोष्टी तोंडपाठ सांगतो. त्याने मारलेल्या जोडाशेजारी पुढे काय घडू शकते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. हे त्याला कळले तर हातात आलेला तुकडा कोणत्या पोलादाचा आहे, असे तो स्वतःहून विचारील. स्टोअरकीपरला प्रश्न विचारणारा वेल्डर हा कोणत्याही कारखान्यातला सगळ्यांत स्वस्त निरीक्षक आहे.

खर्चाचा आक्षेप येईल, तर त्याचेही उत्तर देतो. मी सगळ्या बॉयलरांवर हा भार टाका असे म्हणत नाही. लाँड्रीचा, रंगकामाचा, खाद्यपदार्थांच्या कारखान्याचा १० किलो दाबाचा बॉयलर १८५ अंशांच्या आसपास वाफ देतो. त्याला या तपासणीची काहीच गरज नाही. त्याच्या मालकाला उगाच कागद रंगवायला लावू नका. भार पडेल तो मोजक्या, तापलेल्या, जुन्या किंवा अलीकडे दुरुस्त झालेल्या पाइपांवर. तिथेही प्रत्येक जोड तपासायचा नाही. सर्वांत जास्त तापणारे आणि वळणाजवळचे, आधारांजवळचे ताणाखालचे जोड आधी घ्या. तिथे काही सापडले तरच पुढे जा.

एक शेवटची विनंती, आणि ती वेल्डरांच्या वतीने आहे. कुठल्याही पाइपफुटीच्या चौकशीत जोड कोणी मारला हे विचारण्याआधी दोन प्रश्न लेखी विचारले जावेत : तुटलेली रेषा वेल्डमधून गेली आहे की वेल्डशेजारून? आणि तिथल्या धातूचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला का? या दोन्हींची उत्तरे येईपर्यंत कोणाचे प्रमाणपत्र निलंबित करू नये आणि कोणाची मजुरी अडवू नये. जो दोषी असेल त्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण आधी तुटलेल्या धातूची साक्ष घ्या.

आपला विश्वासू,
भाईंदर पूर्वेचा एक रहिवासी, वेल्डिंग तपासनीस